मापाचं ब्लाउज विरलं, आता?

शिवणकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टू बाय टू रुबिया कापडाचं, टक्स (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) घातलेलं एक साधं ब्लाउज मला अगदी चपखल बसतं. दरवेळी मापाला तेच देते. आता ते काखेत विरलंय, एका बाजूला ठिगळ आहे आणि ज्यांनी शिवलं त्या शिंप्यांनी काम बंद केलंय. मला मशीन चालवता येतं, पण कापड कधी बेतलेलं नाही. त्यावरून नवीन शिवता येईल का? उसवावं लागेल का? (सांगली)

उत्तर : शिवता येईल, आणि उसवावंच लागेल, मात्र अर्धंच. टक्स घातलेला भाग कागदावर सपाट बसत नाही. तो तसाच गिरवला तर टक्समध्ये गेलेलं कापड हिशेबात येत नाही आणि नवीन ब्लाउज छातीवर तोकडं पडतं. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांची उजवी बाजू सहसा जास्त ताणलेली असते, म्हणून डावी उसवा. ठिगळ डावीकडेच असेल तर अर्थातच उजवी. दुसरी बाजू शिवलेलीच राहू द्या. हुकपट्टी कशी दुमडली, गळ्याची पट्टी खांद्याच्या आधी लावली की नंतर, हे तिच्यावरूनच कळेल.

ब्लेड लावण्याआधी खुणा करा. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीला जिथे भेटतो तिथे एक रंगीत टाका, बाहीच्या पुढच्या अंगाला दुसरा. टक्सचं टोक आणि त्याच्या खालच्या दोन्ही कडा इथेही टाके घाला. प्रत्येक भागावर कापडाचा उभा धागा धरून पेन्सिलीची एक रेघ ओढा. ही रेघ ओढायची राहिली तर तुकडा कागदावर कुठल्या कोनात ठेवायचा तेच समजत नाही, आणि तिरका बेतलेला पाठीचा भाग दोन धुण्यांत एका बाजूला ओढला जातो.

मग बाजूची शिवण, खांदा, बाही, टक्स, अर्ध्या गळ्याची पट्टी आणि खालची दुमड उसवा. पाठ मधोमध दुमडून अर्धीच गिरवायची. इस्त्री फिरवू नका, दाबा आणि उचला. गळा आणि मुंढा (बाही जोडायची काखेभोवतीची कड) तिरक्या कापाचे असतात, ओढले की लांबतात.

आता मुख्य गोष्ट. कापडाची कड गिरवायची नाही, टिपेची भोकं गिरवायची. ब्राउन पेपरवर तुकडा ठेवून दर अर्ध्या इंचावर भोकातून टाचणी टोचत जा आणि नंतर ते ठिपके जोडा. ब्लाउज मध्ये कधी सैल केलं असेल तर बाजूला भोकांच्या दोन ओळी दिसतील. त्यातली शेवटची, म्हणजे तुम्हाला बसत होतं तेव्हाची, ओळ धरा.

कागद झाला म्हणून लगेच कापड बेतू नका. पुढचा आणि मागचा खांदा सारखा भरतो का? कागदातला टक्स मिटवून बाजूची शिवण पाठीशी जुळते का? बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा साधारण अर्धा ते पाऊण इंच जास्त हवी. मुंढाच मोठा भरला तर तो वापरून ताणला गेलाय. काखेत रेघ वर घ्या. गळाही असाच पसरतो, तो एक सूत (इंचाचा आठवा भाग) लहान काढा.

सगळ्यात शेवटी माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड : बाजूला 1 इंच, खांद्याला, मुंढ्याला आणि बाहीला अर्धा, गळ्याला पाव, खाली 1 इंच. हुक आणि काज यांच्या पट्ट्या वेगळ्या बेता. पहिलं ब्लाउज जुन्या चादरीचं करा, रुबिया नंतर.

प्रश्न : जुन्यावरून तंतोतंत बेतलं, तरी नवीन घट्ट होतं. कुठे चुकतंय? (ठाणे)

उत्तर : बहुधा तीन ठिकाणी. सुती कापड न भिजवता बेतलं तर 36 इंचांच्या घेरात 3 टक्के आटलं तरी इंचभर जातं. उंचीत तर सहसा त्याहून जास्त. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतायला घ्या. दुसरं, टीप. दोन बाजूच्या शिवणींना मिळून चार कडा असतात. प्रत्येक कडेला टीप एक सूत आत गेली की अर्धा इंच गेला, आणि खडूची रेघ जाड असली तर एवढं सहज होतं. तिसरं, अस्तर. जुनं बिनअस्तराचं आणि नवीन अस्तराचं असेल तर कापडाची लवचीकता जाते. अशा वेळी प्रत्येक कडेला एक सूत वाढवा.

आरशात सुरकुत्या बघा. छातीवर आडव्या असतील तर घेर कमी आहे, माया सोडवा. हात वर केल्यावर आख्खं ब्लाउज वर सरकत असेल तर मुंढा खूप खोल गेलाय. अनेक जण अशा वेळी तो आणखी कापतात. त्याने अधिकच बिघडतं!

प्रश्न : वडिलांचा सुती झब्बा फाटलाय, पण उसवायचा नाही. (पणजी)

उत्तर : गरजच नाही. जुन्या पद्धतीचा झब्बा म्हणजे बहुतेक सरळ पट्ट्या. टेपने मोजून कागदावर मांडता येतो. फक्त काखेतला चौकोनी तुकडा विसरू नका. बाही सरळ लावलेली असते, मुंढ्याला गोलाई नसते. हात उचलायला जागा तो तुकडा देतो. त्याची एक बाजू टिपेपासून टिपेपर्यंत मोजा आणि चारही कडांना माया धरा. कोपऱ्यावर टीप नेमकी थांबली नाही तर तिथे चुणी पडते, म्हणून कोपरे आधी हाताने टाचून घ्या.

प्रश्न : दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बेतल्या गेल्या! कापड उरलं नाही. (इंदूर)

उत्तर : साध्या रुबियाला सुलट-उलट जवळपास सारखीच असते, एक बाही उलटी करून लावा, कुणाला कळणार नाही. छापील कापड असेल तर जुळत्या रंगाच्या साध्या कापडाच्या दोन्ही बाह्या नव्याने बेता, एकच बदलू नका. पुढच्या वेळी कापडाची सुलट बाजू सुलटीवर ठेवून दोन्ही एकदमच कापा.