बंदीची रेघ नेमकी इथेच का?

प्रश्न: मुलाकडे सॅन डिएगोला राहून आले. तिथल्या ला होया भागातल्या कोव्हवर, म्हणजे छोट्या आखातावर, फलक आहे: मासेमारी बंद, काही उचलायचं नाही. थोडं दक्षिणेला चालत गेलं, तर लोक कायाकमध्ये बसून खुशाल गळ टाकतायत. पाणी तेच, मासे तेच. मग ही रेघ ठरवतं कोण, आणि कशावरून? माझ्या माहेरी मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होती. 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याचा राग घरात अजून आहे. आणि हो, नातवाने तिथले शिंपले उचलले तर चालतं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, आणखी दक्षिणेला गेला असतात तर पुन्हा बंदीचा पट्टा लागला असता. ला होयासमोर पाण्याखाली केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जंगल आहे. त्याचा दक्षिणेकडचा भाग बंद आणि उत्तरेकडचा खुला, अशी ती वाटणी आहे. मासेमारी पूर्ण किंवा काही प्रमाणात बंद असलेली अशी 124 संरक्षित क्षेत्रं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहेत. राज्याच्या हद्दीतला सुमारे 16 टक्के समुद्र त्यांत येतो.

त्यासाठीचा कायदा 1999 चा. सुरुवातीला जाणकारांनी आपसात बसून नकाशे काढले आणि 2001 मध्ये लोकांपुढे ठेवले. आपली रोजची जागा रंगवलेली बघून मासेमार असे भडकले की ते नकाशे गुंडाळावेच लागले. 2004 मध्ये नव्याने सुरुवात झाली. या वेळी किनाऱ्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात मासेमार, पाणबुडे, पर्यावरणवाले एका टेबलाला बसवले. नकाशा त्यांनीच काढायचा. शास्त्रज्ञांनी फक्त नियम सांगायचे आणि आलेला नकाशा त्यावर तपासायचा. शेवटचा शब्द अर्थात सरकारी आयोगाचाच, पण भांडण आधी टेबलावर झालेलं. सॅन डिएगोकडची क्षेत्रं 1 जानेवारी 2012 पासून लागू झाली.

नियम ऐकायला कोरडे वाटतात, पण प्रत्येकामागे मासा आहे. खडकाळीतला मासा सहसा काही किलोमीटरच्या आतच फिरतो, म्हणून क्षेत्र किनाऱ्यालगत निदान 5 ते 10 किलोमीटर लांब असावं. 10 ते 20 असेल तर उत्तम. पिल्लं उथळात आणि मोठे मासे खोलात, म्हणून पट्टा किनाऱ्यापासून राज्याच्या हद्दीपर्यंत, 3 सागरी मैल, आत न्यावा. अंड्यातून निघालेले सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यांना पुढचं क्षेत्र गाठता यावं म्हणून दोहोंतलं अंतर 50 ते 100 किलोमीटर. खडक, रेती, केल्प, खाडी, सगळं या क्षेत्रांच्या साखळीत यावं, आणि एकेक प्रकार एकाहून जास्त ठिकाणी. एका जागी तेलगळती झाली तर दुसरी उरते. हद्द शक्यतो सरळ, अक्षांश-रेखांशावर किंवा नजरेत भरणाऱ्या टोकावर, म्हणजे होडीतल्या माणसाला कळते आणि पहारेकऱ्यालाही. तुम्ही पाहिलेला छोटा तुकडा या मापात बसत नाही, हे खरं. तिथलं संरक्षण 1971 पासूनचं, साखळीच्या कितीतरी आधीचं.

मला विचाराल तर खरी गोम वेगळीच आहे. ओरड नको म्हणून जिथे कोणी जाळं टाकतच नाही तोच समुद्र ‘संरक्षित’ करायचा मोह जगभर आहे. कागदावर टक्के भरतात, माशाला काही फरक पडत नाही. ला होयाला निदान कोणाच्या तरी रोजच्या जागेला हात घातला गेला. तिकडे शेवंडीचा (लॉबस्टरचा) हंगाम सुरू झाला की सापळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, कधी कधी बंदीच्या रेघेला अगदी खेटून ओळीने तरंगतात. आतली शेवंड बाहेर येणार, हा धंदेवाल्याचा हिशेब. अहवालापेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास.

आता मालवण. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं. जागा वाईट नाही. खडक, प्रवाळ, वाळू, सगळं एकत्र आहे. पण मासेमारांच्या वहिवाटीवर बेतलेला नकाशा आणि त्यांच्यावर आलेला नकाशा यांत फरक असतो, तुमच्या घरातला राग त्यातलाच. शिवाय एकटं क्षेत्र म्हणजे साखळी नव्हे. त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जोड हवी, आणि ती ठरवताना कुठल्या खडपावर तांबोशी मासा लागतो, रापण कुठे ओढतात, हे तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, आधी विचारायला हवं. कॅलिफोर्नियाची मापं मात्र उचलून इथे लावू नयेत. आपलं पाणी उबदार, तळ बराचसा चिखलाचा, मासे वेगळे. बांगडा-तारली तर आज इथे, उद्या तिथे. त्यांना असल्या चौकटीत कोंडता येत नाही. तिथे जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचं माप, आणि पावसाळी बंदीच कामाची. खडकाळीतल्या तांबोशी, गोबरा, शेवंड यांना मात्र चौकट मानवेल.

नातवाचं: कोव्हजवळच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे पूर्ण बंदीच्या क्षेत्रात, शिंपलासुद्धा उचलायचा नाही, रिकामा असला तरी. पोहायला, मास्क लावून मासे बघायला मुभा आहे. गळाची हौस असेल तर सार्वजनिक धक्क्यावर न्या. तिथे परवान्याची भानगड नाही. 16 वर्षांच्या आतल्याला तर तो एरवीही लागत नाही.