इच्छा होण्याची वाट पाहावी का?

प्रश्न : गेले काही महिने रोजची साधी कामेही हाती घ्यावीशी वाटत नाहीत. मी आळशी झालो आहे का?

उत्तर : स्वतःला आळशी ठरवण्याची घाई आपण करू नये, असे मला मनापासून वाटते. आधी इच्छा व्हावी आणि मग काम घडावे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनेकदा कामाला हात घातल्यावर, त्यातून मिळणाऱ्या छोट्याशा समाधानामुळे इच्छा मागाहून येते, आणि नैराश्यावरील एक मान्य उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीची नाती या गरजा भागल्या, तर प्रेरणा टिकते; आपल्या दिनक्रमातून यांपैकी काय हरवले आहे, ते आधी शोधावे. ‘उद्या करीन’ असे मोघम ठरवण्याऐवजी, मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ च्या शोधनिबंधात सुचवल्याप्रमाणे, ‘आंघोळ झाली की पाच मिनिटे लिहायला बसेन’ असा विशिष्ट प्रसंगाशी बांधलेला निश्चय करावा. मात्र उदासी किंवा आवडत्या गोष्टींविषयीची अनास्था दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. थायरॉइडची कमतरता आणि रक्तक्षय यांमुळेही असा निरुत्साह येतो, आणि त्यांचा शोध साध्या रक्ततपासणीत लागतो.