दीड वर्षाच्या मुलाला हॉटेलात काय खायला द्यावं?

जे नुकतं शिजवून वाफाळतं येतं आणि बोटांनी सहज कुस्करता येतं, तेच द्या (अर्थात जरा निवल्यावर): मऊ भात, शिजवलेली भाजी, पूर्ण शिजलेलं अंडं. कारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पडून राहिलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून बुफेत मांडून ठेवलेले पदार्थ, आधीच चिरलेली फळं, कच्चं सॅलड आणि बर्फ नको. माझ्या मते त्याहून मोठा धोका घास घशात अडकण्याचा आहे आणि गप्पांच्या नादात नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या वयात अजिबात देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा आणि मूल बसूनच खाईल हे बघा. तिखट-मीठ घालण्याआधी त्याच्यापुरतं वेगळं काढायला सांगा, बरेच जण आनंदाने काढून देतात. मुलाला दूध, अंडं, शेंगदाणे अशा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र एवढ्यावर भागणार नाही. पदार्थात काय काय आहे, ते ऑर्डर देण्याआधीच विचारा. खात्रीचं उत्तर मिळालं नाही, तर घरचा डबा द्या.