केक एगलेस, पण बीटर एकच

प्रश्न : मी इचलकरंजीत घरून केक करून देते, अंड्याचे आणि एगलेस दोन्ही. परवा एका काकूंनी विचारलं, "सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचा केक आहे, अंडं अजिबात नाही ना?" मी नाही म्हटलं. केकमध्ये नव्हतंच, पण बीटर, टिन तेच, धुऊन वापरलेले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माझं चुकलं का? शिवाय शेजारणी म्हणतात, "घरचाच तर आहे, कमी लावा." काय सांगू?

उत्तर : हो, ताई, सांगायला हवं होतं. काकूंना आजच फोन करून खरं ते सांगा. ज्या बाईंनी जन्मभर अंडं वर्ज्य केलंय, त्यांना धुतलेलं भांडं चालतं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं.

आता तो बीटर दिव्याखाली धरून बघा. तारा जिथे दांड्यात शिरतात तिथे घासणी पोचत नाही, मिश्रण सुकून बसतं. सिलिकॉनच्या स्पॅच्युलाचं डोकं ओढून काढा, आत चिकट थर सापडेल. म्हणून बीटर, स्पॅच्युला, ब्रश आणि चाळणी मी एगलेससाठी वेगळी ठेवते, मुठीला हिरवी टेप लावून, झाकणाच्या डब्यात. एवढ्याला फार खर्च येत नाही. ओव्हन मात्र एकच आहे, आणि ॲडव्हान्स घेण्याआधीच मी सांगते, "आमच्याकडे अंड्याचेही केक होतात. भांडी वेगळी, ओव्हन एकच. चालेल ना?" काही जैन घरं नको म्हणतात. ती ऑर्डर गेली तरी मला वाईट वाटत नाही.

जिलेटिनकडे पुष्कळजणींचं लक्ष नसतं. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून होतं, त्यामुळे एगलेस मूसमध्ये घातलं की तो शाकाहारी राहत नाही. मार्शमेलोच्या पाकिटावरचे घटकही वाचा. मी त्याऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासून होणारी पूड) वापरते. ते नीट उकळावं लागतं आणि जरा जास्त पडलं की मूस कडक होतो, तेव्हा बेतानंच घाला.

ॲलर्जीची गोष्ट याहून गंभीर. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असं आईनं सांगितलं, तर मी ऑर्डर घेतच नाही. आपल्या ओट्यावर दाण्याचं कूट रोजचं, हमी कशी देणार? कुणी रागावलं तर रागावू दे.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी अजून केली नसेल तर आधी ती करा. घरगुती व्यवसायालाही ती लागते, अर्ज त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होतो आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. डब्यावर तो क्रमांक, घटक, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा का, हे लिहा. एगलेसवर हिरवा ठिपका. अंडं असेल तर चौकटीतला तपकिरी त्रिकोण. दोन्ही लेबलं एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घाईत अदलाबदल होते.

राहिल्या शेजारणी. लोणी, चॉकलेट, वीज, केक बोर्ड, डबा आणि तुमचे तास धरून दर काढा, तोच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि निम्मे पैसे आधी घ्या. जवळच्या कुणाला द्यावासा वाटला तर भेट म्हणून द्या, पैसे घेऊच नका. घासाघीस करणाऱ्यांना मात्र अर्धा किलोचा साधा स्पंज सुचवा, तो तुम्हालाही परवडेल.