इंडोनेशिया आणि त्सिम्शियन: तुलना कशाची, कशाशी?

प्रश्न: एम. ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मला 'इंडोनेशियन आणि त्सिम्शियन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना' हा विषय मिळाला आहे. इंडोनेशियाचे आकडे ढीगभर सापडतात, त्सिम्शियनांचे फारच थोडे. दोघांच्या दरडोई उत्पन्नाचा तक्ता केला तर चालेल का?
— विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: चालणार नाही. २०२० च्या जनगणनेत इंडोनेशियाची लोकसंख्या २७ कोटी भरली. सतरा हजारांवर बेटे, शेकडो भाषा. त्सिम्शियन हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या उत्तर किनाऱ्यावरचा मूळनिवासी समाज. स्कीना नदीच्या मुखाभोवती, म्हणजे प्रिन्स रूपर्ट शहरात आणि लॅक्स क्वालाम्स, मेटलाकाटला, किटकाटला, हार्टली बे अशा गावांत हे लोक राहतात. एक शाखा अलास्कात ॲनेट बेटावर आहे. सगळे मिळून काही हजार माणसे. म्हणजे एकीकडे अख्खा देश आणि दुसरीकडे मोजकी गावे. इंडोनेशियाचे दरडोई उत्पन्न २०२३ मध्ये ५,००० डॉलरच्या जरा खाली होते, कॅनडाचे त्याच्या दहापटीहून जास्त. कॅनडाची सरासरी त्सिम्शियनांच्या नावावर मांडलीत, तर ते दहापट श्रीमंत ठरतील आणि तुमचा प्रकल्प पहिल्याच पानावर फसेल.

कॅनडाच्या सरकारचाच एक निर्देशांक आहे. शिक्षण, रोजगार, उत्पन्न आणि घरे या चार बाबींवरून तो प्रत्येक वस्तीला शंभरपैकी गुण देतो. २०१६ मध्ये मूळनिवासी 'फर्स्ट नेशन्स' वस्त्यांची सरासरी ५८.४ आली, इतर वस्त्यांची ७७.५. देशाची सरासरी त्सिम्शियन गावाला का लावायची नाही, ते या दोन आकड्यांतच दिसते.

म्हणून आधी इंडोनेशियातला तोलामोलाचा समाज निवडा. आमची शिफारस मालुकू बेटांवरच्या मासेमार गावांची आहे. तिथे 'सासी' नावाची जुनी रीत आहे: ठरावीक काळ समुद्राचा किंवा बागेचा एखादा भाग गाव बंद ठेवते आणि मासा किंवा फळ पुरेसे वाढले की सगळ्यांसाठी एकदम खुला करते. हारुकू बेटावरची 'लोम्पा' माशाची सासी त्यात विशेष प्रसिद्ध आहे. त्सिम्शियनांमध्येही मासेमारीच्या जागांवर एकेका घराण्याचा परंपरेने हक्क असतो. अशी जोडी घेतली की मासा, किनारा, गाव आणि सरकार हे चारही घटक दोन्हीकडे समोरासमोर येतात.

मालमत्ता आणि वारसा हा गाभा ठेवायचा असेल तर मालुकूऐवजी पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ घ्या. तिथे वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि त्सिम्शियनांचे कूळही आईकडूनच ठरते. दोन्हीकडे महत्त्वाची मालमत्ता एका माणसाच्या नावावर नसते, घराण्याची असते. त्यामुळे 'कुटुंबप्रमुखाची मालमत्ता' असा रकाना ठेवलात तर तो रिकामा राहील आणि लोक आहेत त्याहून गरीब दिसतील.

प्रश्न: (याच विद्यार्थिनीचा पुढचा प्रश्न) मग दोन्हीकडचा गरिबीचा दर तरी शेजारी शेजारी ठेवू का?

उत्तर: त्याआधी प्रत्येक दर कशाचा आहे ते पाहा. खरी चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंडोनेशियाची सांख्यिकी संस्था 'सुसेनास' नावाची कौटुंबिक पाहणी करते. मार्चच्या फेरीत सुमारे ३,४५,००० कुटुंबे असतात. तिथली गरिबीची रेषा खर्चावर बेतलेली आहे: माणशी रोज २,१०० किलोकॅलरी मिळतील एवढे अन्न, त्यासाठी ५२ खाद्यवस्तूंची टोपली, आणि वर घर, कपडे, शिक्षण, औषधपाणी. मार्च २०२४ मध्ये ही रेषा माणशी महिना ५,८२,९३२ रुपिया (इंडोनेशियाचे चलन) होती आणि ९.०३ टक्के लोक तिच्याखाली होते. या रेषेच्या घडणीत तांदळाखालोखाल वाटा लवंगी सिगारेटचा येतो, हेही ध्यानात ठेवा. मालुकूचा दर तेव्हा देशाच्या दरापेक्षा बराच वर, १६ टक्क्यांच्या आसपास होता.

कॅनडाची अधिकृत रेषासुद्धा वस्तूंच्या टोपलीवर ठरते, पण ती कुटुंबाच्या उत्पन्नाला लावतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या पाहणीतून देशाचा गरिबीचा दर निघतो तिच्यात मूळनिवासींच्या राखीव वस्त्या धरलेल्याच नसतात. म्हणजे लॅक्स क्वालाम्स किंवा हार्टली बे त्या दरात मुळातच नाहीत. तो दर त्सिम्शियनांना लावणे म्हणजे वर्गात नसलेल्या मुलाला वर्गाचे सरासरी गुण देणे.

दुसरा फरक याहून खोल आहे. सुसेनासमध्ये घरी पिकवलेला तांदूळ आणि स्वतः पकडलेला मासा स्थानिक भावाने खर्चात धरतात. आपल्याकडच्या उपभोग खर्चाच्या पाहणीतही घरच्या म्हशीचे दूध असेच धरले जाते. कॅनडाच्या जनगणनेत मात्र उत्पन्न म्हणजे रोख: पगार, धंद्यातला नफा, पेन्शन, सरकारी मदत. त्सिम्शियन घरात उन्हाळ्यात धुरावर सुकवलेला आणि बरण्यांत भरलेला सामन मासा, समुद्रशेवाळ, ऊलिकन या लहान तेलकट माशाच्या चरबीचे तूप यांतले काहीही त्या आकड्यात येत नाही. म्हणजे मालुकूच्या मासेमाराचा मासा मोजला जातो, त्सिम्शियनाचा नाही.

तो मोजायचा असेल तर हिशेब असा करा. समजा, एका कुटुंबाने ६० सामन ठेवले, प्रत्येकी अडीच किलोचे. एकूण १५० किलो. डोके, काटे, आतडी काढून खाण्याजोगे ६० टक्के धरा, म्हणजे ९० किलो. आता भाव दोन असतात: व्यापारी बोटीवर जो देतो तो, आणि तोच मासा दुकानातून आणायचा तर जो पडतो तो. घरी खाल्लेल्या माशाला दुकानाचा भाव लावा, कारण मासा नसता तर कुटुंबाला तेवढेच पैसे मोजावे लागले असते. समजा किलोला २० कॅनेडियन डॉलर, तर १,८०० झाले. त्यातून बोटीचे इंधन, जाळे, बर्फ, बरण्या यांचे समजा ६०० वजा करा. उरलेले १,२०० डॉलर कुटुंबाच्या उत्पन्नात मिळवा. भाव आणि खर्च इथे उदाहरणापुरते घेतले आहेत, तुम्ही त्या वर्षाचे स्थानिक आकडे घाला. दोन चुका हमखास होतात. एक, खर्च वजा करायचा राहतो. दुसरी, जो सामन देऊन ऊलिकनचे तूप घेतले तो सामनही धरला जातो आणि तूपही. अदलाबदलीतली एकच बाजू धरा.

समारंभांचेही भान ठेवा. सुलावेसीतले तोराजा लोक अंत्यविधीला म्हशी कापतात. सुसेनासमध्ये सणसमारंभाचा खर्चही धरतात, त्यामुळे ज्या वर्षी घरात विधी झाला त्या वर्षी ते कुटुंब श्रीमंत दिसू शकते. त्सिम्शियनांच्या पॉटलॅच मेजवानीत तर संपत्ती वाटूनच मान मिळतो. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत तिच्यावर कायद्याने बंदी घातली होती. देण्याघेण्याची एक अख्खी व्यवस्था साठ-पासष्ट वर्षे गुन्हा ठरली, हे आर्थिक इतिहासाच्या प्रकरणात यायलाच हवे.

प्रश्न: रुपियाचे डॉलर करताना बँकेचा दर घ्यायचा की क्रयशक्तीचा?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर: राहणीमानाची तुलना असेल तर क्रयशक्तीचा, म्हणजे त्याच वस्तू दोन्ही देशांत किती पैशांत येतात त्यावरून काढलेला. वरची इंडोनेशियाची गरिबीची रेषाच घ्या. ५,८२,९३२ ला ३०.४ ने भागले की रोजचे सुमारे १९,१७५ रुपिया. त्या वेळच्या बाजारदराने, डॉलरला साधारण १५,७०० रुपिया धरून, ते होतात १.२२ डॉलर. पण इंडोनेशियात भात, भाजी, मजुरी स्वस्त. क्रयशक्तीने हिशेब केला की तीच रक्कम तिपटीच्या आसपास जाते, म्हणजे चार डॉलरच्या जवळ. मग कॅनडाची रक्कमही क्रयशक्तीच्या डॉलरमध्ये आणा, साधारण १.२ कॅनेडियन डॉलरला एक या दराने. एक बाजू बदलून दुसरी तशीच ठेवणे ही नेहमीची चूक.

तरीही एक अडचण राहते. क्रयशक्तीचा दर देशभराच्या किमतींवरून काढतात. हार्टली बेला रस्ताच नाही, सगळे सामान बोटीने किंवा समुद्रविमानाने येते. टोरांटोतल्या दुधाचा भाव तिथे उपयोगाचा नाही. मालुकूच्या लहान बेटांचे आणि जकार्त्याचेही तेच. म्हणून पीठ किंवा तांदूळ, तेल, साखर, दूध, बोटीचे इंधन अशा आठ-दहा वस्तूंचे स्थानिक भाव घेऊन, एका दिवसाच्या मजुरीत प्रत्येक वस्तू किती येते ते मांडा. या मांडणीत चलनाचा प्रश्नच उरत नाही.

आणि जागतिक बँकेची गरिबीची रेषा वापरणार असाल तर कोणती ते लिहा. जून २०२५ मध्ये त्या बदलल्या: सर्वांत खालची माणशी रोज क्रयशक्तीचे ३ डॉलर, वरच्या-मध्यम उत्पन्न देशांसाठी ८.३०. इंडोनेशिया २०२३ पासून पुन्हा या वरच्या-मध्यम गटात आहे. त्यामुळे एकाच देशातले नऊ टक्के लोक गरीब असेही वाचायला मिळते आणि निम्म्याहून जास्त लोक गरीब असेही. दोन्ही बरोबर, फक्त रेषा वेगळी.

प्रश्न: कॅनडासारख्या श्रीमंत देशात, एवढा मासा आणि जंगल असलेल्या किनाऱ्यावर राहून त्सिम्शियन मागे का?
— निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर: मासा आहे, पण तो विकण्याचा हक्क त्यांच्या हातून गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कीनाच्या मुखाशी सामन डबाबंद करण्याचे कारखाने उभे राहिले. १८८९ चा 'नॉर्थ पॅसिफिक' कारखाना आज राष्ट्रीय वारसास्थळ आहे. पुरुष बोटीवर, बायका मासे साफ करण्याच्या ओळीत, असा कित्येक पिढ्यांचा रोजगार त्यावर चालला. पुढे १९६८ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये सरकारने बोटी कमी करण्यासाठी परवाने घटवले. परवाना महाग झाला, भांडवल असलेल्यांकडे गोळा झाला आणि किनाऱ्यावरच्या लहान गावांतल्या बोटी गेल्या. लॅक्स क्वालाम्सने सर्व जातींच्या माशांच्या व्यापारी मासेमारीचा हक्क मागितला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण युरोपीय येण्याआधीचा व्यापार मुख्यतः ऊलिकनच्या तुपाचा होता असे धरले गेले.

अलास्कातल्या शाखेचा अनुभव निराळा. १८८७ मध्ये सुमारे आठशे लोक मिशनरी विल्यम डंकनबरोबर ॲनेट बेटावर गेले. १८९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ते बेट त्यांच्यासाठी राखून दिले, १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी किनाऱ्यापासून ३,००० फुटांपर्यंतचे पाणीही. १९७१ च्या अलास्का भूमी-समझोत्यात ते सामील झाले नाहीत, राखीव क्षेत्र आणि पाणी हातचे सोडले नाही. एकच समाज, एकच मासा, पण पाण्यावरच्या हक्काचे दोन कायदे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला यापेक्षा चांगली जोडी नाही. इंडोनेशियाशी तुलना करण्याआधी ही अंतर्गत तुलना करावी, असे आमचे ठाम मत आहे.

आता कॅनडातल्या शाखेचे दोन सौदे पाहा. २०१५ मध्ये लेलू बेटावरच्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पासाठी लॅक्स क्वालाम्सला चाळीस वर्षांत मिळून शंभर कोटींहून अधिक कॅनेडियन डॉलर देऊ केले गेले. शेजारच्या फ्लोरा बँकेच्या उथळ पाण्यात सामनची पिल्ले वाढतात, म्हणून गावाने नकार दिला. २०१७ मध्ये प्रकल्प रद्द झाला. याच समाजाने २०१९ मध्ये प्रिन्स रूपर्ट बंदरातल्या रिडली कोळसा टर्मिनलच्या विक्रीत मात्र भाग घेतला: लॅक्स क्वालाम्स आणि मेटलाकाटला यांना मिळून दहा टक्के हिस्सा मिळाला. या लोकांना विकास नको आहे, असे लिहिण्याआधी हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न: तिथल्या माणसाला घर किंवा बोट घ्यायला कर्ज कसे मिळते? आपल्याकडे सातबारा तरी असतो.
— वाचक, कागल

उत्तर: कॅनडात राखीव जमिनीची मालकी राजसत्तेकडे असते, वापर समाजाचा. इंडियन ॲक्टच्या कलम ८९ प्रमाणे राखीव जागेवरची मूळनिवासीची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला किंवा बँकेला जप्त करता येत नाही. यामुळे जमीन वाचली, पण तारण म्हणून तिचा उपयोग राहिला नाही. घरकर्जाला समाजाच्या परिषदेची किंवा सरकारची हमी लागते.

इंडोनेशियातल्या परंपरागत समाजांची जमीनही अनेकदा नोंदलेली नसते. २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने परंपरागत जंगल हे सरकारी जंगल नव्हे, असा निकाल दिला. मात्र स्थानिक सरकारने समाजाला रीतसर मान्यता दिल्याशिवाय त्याचा लाभ मिळत नाही. अशी पहिली नऊ जंगले डिसेंबर २०१६ मध्ये समाजांच्या ताब्यात आली. लहान कर्जाची सोय मात्र इंडोनेशियात बरी: सरकारच्या व्याज-सवलतीच्या योजनेत दहा कोटी रुपियापर्यंत, म्हणजे आपल्या सुमारे पाच लाखांपर्यंत, जादा तारण मागायचे नाही असा नियम आहे. शिवाय २०१४ च्या ग्राम कायद्यामुळे २०१५ पासून गावांना थेट निधी जातो. २०२३ मध्ये तो ७० लाख कोटी रुपिया होता.

प्रश्न: आपल्या भिशीसारखे तिकडे काही आहे का?
— गृहिणी, शुक्रवार पेठ

उत्तर: इंडोनेशियात आहे, 'अरिसान'. दर महिन्याला सगळ्याजणी ठरलेली रक्कम भरतात, चिठ्ठी काढतात, जिची निघेल ती सगळे पैसे घेते आणि बहुतेक वेळा खाणेही तिच्याच घरी. व्याज नाही, लिलाव नाही. ज्या वर्षी अरिसान लागते त्या वर्षी ती रक्कम उत्पन्न म्हणून लिहू नका. ती स्वतःचीच बचत परत आलेली असते.