अमेरिकन डायमंडच्या खड्यातून वीज वाहते का?

झवेरी बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळणारा झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) खडा आणि इंधन घटात (इंधनाच्या रासायनिक क्रियेतून थेट वीज देणाऱ्या साधनात) वापरला जाणारा विद्युतवाहक झिर्कोनिया हे एकच कसे, असे आपण विचारले आहे. पदार्थ एकच आहे. ज्या मिश्रणामुळे तो खडा अखंड राहतो, त्याच मिश्रणामुळे तो तापल्यावर वीज वाहून नेतो.

शुद्ध झिर्कोनिया २७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि निवताना दोनदा रचना बदलतो. घनाकृती रचना २३७० अंशांच्या सुमारास मोडते, दुसरी ११७० च्या खाली टिकत नाही, आणि या शेवटच्या बदलात त्याचे आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढते. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत असताना मी शुद्ध झिर्कोनियाची चकती १५०० अंशांवर भाजली होती. सकाळी भट्टी उघडली तेव्हा आत तिचे तुकडे होते.

यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचे ऑक्साइड, मिसळले की घनाकृती रचना थंडपणीही टिकते. मात्र झिर्कोनियमचा भार चार आणि यिट्रियमचा तीन असल्यामुळे, दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. आठ मोल टक्के (वजनाने नव्हे, कणांच्या संख्येने आठ टक्के) यिट्रिया असेल तर साधारण सत्तावीस जागांपैकी एक रिकामी असते, आणि शेजारचा ऑक्सिजन आयन तिच्यात उडी घेतो, म्हणजे इथे वीज इलेक्ट्रॉन नव्हे तर ऑक्सिजन वाहून नेतो. या उडीला उष्णता लागते, म्हणून घरी खड्याला मल्टिमीटर लावून काहीच दिसणार नाही. प्लॅटिनमचा लेप दिलेला मिलिमीटरभर जाडीचा स्फटिक मी भट्टीत तापवत गेलो, तेव्हा २०० अंशांना मेगओहममध्ये असलेला रोध ६०० अंशांना काहीशे ओहमवर आला होता; तो आकडा उतरताना पाहणे मला आजही विलक्षण वाटते.

यिट्रिया वाढवत नेले तर वाहकता वाढतच जाईल, असा समज चुकीचा आहे. आठ-दहा टक्क्यांपुढे रिकाम्या जागा आणि यिट्रियम एकमेकांना धरून बसतात आणि वाहकता उतरते. दागिन्यांच्या खड्यात यिट्रिया सहसा याहून अधिक असल्याने तो वाहक असला, तरी कमी प्रतीचा.

हे स्फटिक वाढवण्याची रीतही वाहकतेवरच उभी आहे. इतक्या तापमानाला सोनाराची मूस काय, कोणतीच मूस टिकत नाही. म्हणून पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांच्या पिंजऱ्यात भुकटी भरून भोवतालच्या कॉइलमधून रेडिओ कंप्रतेचा प्रवाह सोडतात. थंड भुकटी तो प्रवाह घेत नाही, त्यामुळे आरंभी झिर्कोनियम धातूचे तुकडे मध्ये ठेवतात. ते तापून भोवतालची भुकटी वितळवतात आणि स्वतः ऑक्साइड होऊन तिच्यातच मिसळतात. पुढे वितळलेला झिर्कोनियाच प्रवाह वाहतो, नळ्यांलगतचा न वितळलेला थर मुशीचे काम करतो, आणि पिंजरा कॉइलमधून सावकाश खाली सरकवला की तळापासून खांबांसारखे स्फटिक उभे राहतात. मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत १९७० च्या दशकात ही रीत सिद्ध झाली, म्हणून तिथे या खड्याला त्या संस्थेच्या ‘फियान’ या रशियन आद्याक्षरांवरून ‘फियानाइट’ म्हणतात.