बायोस बदलला, स्पीड वाढला आणि फोटो अर्धे करडे झाले

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. एडिटिंगला आय५-१२४०० चा पीसी आहे, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, एक एसएसडी आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क. मागच्या महिन्यात मित्र म्हणाला की तुझ्या बोर्डावर बायोसचं (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) एक ठरावीक जुनं व्हर्जन टाकलं की लॉक असलेला प्रोसेसरपण ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालतो, त्यानेच टाकून दिलं आणि बीसीएलके म्हणजे बेस क्लॉक १०० चा ११५ मेगाहर्ट्झ केला. एक्सपोर्ट खरंच फास्ट झाले, पीसी एकदाही हँग नाही झाला. पण आता दोन लग्नांचे बरेच फोटो उघडले की खालचा अर्धा भाग करडा दिसतो, एका व्हिडिओत हिरवे चौकोन येतात, झिप फाइल सीआरसी एरर (आतला डेटा बिघडल्याचा मेसेज) देते. दुकानवाला म्हणतो हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्कइन्फोमध्ये मात्र डिस्क चांगली दाखवतंय. एका लग्नाचं कार्ड अजून तसंच आहे, दुसरं फॉरमॅट केलंय पण त्यावर नवीन शूट केलेलं नाही. काय करू?

उत्तर : दादा, आधी ती दोन्ही कार्डं कॅमेऱ्यातून काढा, बाजूची छोटी लॉकची पट्टी खाली सरकवा आणि कपाटात ठेवून द्या. फॉरमॅट केलेल्या कार्डावर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर त्यातले फोटो फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रामने बऱ्याचदा परत मिळतात, पण ते काम या पीसीवर आत्ता करायचं नाही, दुसऱ्या कुणाच्यातरी साध्या लॅपटॉपवर करा. आणि या पीसीवर आजपासून कॉपी, कट, बॅकअप सगळं बंद. बॅकअपसुद्धा, कारण खराब वाचलेली फाइल चांगल्या बॅकअपवर जाऊन बसली तर परत यायला जागाच राहत नाही.

आता हार्ड डिस्कचं. मला नाही वाटत ती गेलीय, नवीन घेण्याची घाई करू नका. तुमची बाराव्या पिढीची सिस्टीम आहे, आणि ज्या बी६६० बोर्डांवर ही युक्ती चालते त्यांच्यावर प्रोसेसरच्या बेस क्लॉकसाठी वेगळी क्लॉक चिप असते, त्यामुळे बीसीएलके वाढवला तरी साटा आणि पीसीआय एक्सप्रेसचा (डिस्क आणि कार्डं जोडायच्या रस्त्यांचा) क्लॉक १०० वरच राहतो. म्हणजे डिस्ककडे जाणारा रस्ता ठीक आहे. पण बीसीएलकेबरोबर जी गोष्ट नक्की वाढते ती म्हणजे रॅम. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर स्पीडवर चालवणारी सेटिंग) ३२०० वर असेल आणि मित्राने मेमरीचा रेशो (बेस क्लॉकच्या किती पट रॅम चालते तो आकडा) खाली आणला नसेल तर हिशोब सरळ आहे, ३२०० गुणिले १.१५ म्हणजे ३६८०. तुमची रॅम त्या स्पीडची नाहीये, आणि नॉन-के म्हणजे नावात के नसलेल्या, लॉक असलेल्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचा व्होल्टेज लॉक असतो, वाढवून आधार देता येत नाही, म्हणून ३६०० च्या आसपास हे प्रोसेसर अगदी काठावर येतात. काठावर म्हणजे विंडोज सुरू होतं, एक्सपोर्ट होतो, आणि अब्जावधी बिटांमधला एखादा बिट मधेच उलटा होतो. कार्डावरून डिस्कवर जाणारा प्रत्येक फोटो आधी रॅममध्ये येतो, तिथे बिट बदलला की डिस्क बिचारी तो चुकीचा बिट अगदी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, फाइलच्या आतल्या डेटाची कुठलीही बेरीज तपासत नाही, त्यामुळे विंडोजही काही बोलत नाही. जेपेगमध्ये तर एक बिट चुकला की त्याच्या पुढचं सगळं डीकोडिंग घसरतं, तो करडा पट्टा तिथून येतो.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो की ओव्हरक्लॉकिंगमध्ये लोक स्थिर म्हणजे 'हँग होत नाही' असं धरून चालतात. प्रोसेसर चुकला की निळी स्क्रीन येते, आपल्याला लगेच कळतं. साठवलेला डेटा चुकला तर महिनाभराने कळतं, आणि तोपर्यंत कुणाच्यातरी सप्तपदीचे फोटो गेलेले असतात.

हे काही आजचं नाही. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आला तेव्हा तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवरून १०० वर नेला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा आणि गंमत म्हणजे डिस्कला काही होत नव्हतं, कारण १०० वर पीसीआयसाठी (डिस्क आणि कार्डं ज्या रस्त्याने जोडलेली असायची तो) त्या आकड्याला तीनाने भागलं जायचं आणि ते आपल्या ३३ वरच राहायचं. पण ज्यांचा प्रोसेसर १०० पर्यंत जात नव्हता ते मधेच ८३ वर थांबायचे, तिथे भागाकार दोननेच व्हायचा, पीसीआय ४१.५ वर जायचं आणि आयडीई हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब व्हायच्या. म्हणजे जास्त वाढवणारा सुरक्षित आणि थोडं वाढवणारा अडचणीत, असा उलटा प्रकार होता. नंतर बोर्डवाल्यांनी पीसीआय लॉक आणला म्हणून लोक हे विसरले.

आणि बायोसच्या बाबतीत २०१६ च्या सुरुवातीची गोष्ट बघा. स्कायलेकच्या (इंटेलची सहावी पिढी) नॉन-के प्रोसेसरसाठी बऱ्याच बोर्ड कंपन्यांनी खास बायोस काढले, बीसीएलके मोकळा झाला, पण त्या बायोसवर प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स बंद पडायचं, वीज वाचवणाऱ्या सी-स्टेट बंद, तापमान चुकीचं दिसायचं, एव्हीएक्सचं (जड गणिताच्या खास सूचनांचं) काम मंद व्हायचं. फेब्रुवारीत इंटेलने मायक्रोकोडमधून (बायोसबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून) तो रस्ता बंद केला. तुमच्या पिढीतही २०२२ मध्ये तेच झालं, म्हणूनच मित्राला जुनं व्हर्जन शोधावं लागलं. जुनं व्हर्जन टाकलं म्हणजे त्यानंतर आलेल्या सगळ्या दुरुस्त्या, मेमरीच्या, एसएसडीच्या, सिक्युरिटीच्या, त्यासुद्धा आपण परत केल्या, हा हिशोब कुणी सांगत नाही.

आता तुम्ही काय करायचं. बायोसमध्ये जाऊन लोड डिफॉल्ट करा, एक्सएमपीसुद्धा बंद. मग पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, कमीत कमी चार पास, आणि एक जरी एरर आली तरी पुढचं काही करू नका, आधी एकेक रॅम स्टिक काढून तपासा. एरर शून्य असेल तरच बोर्डाच्या साइटवरचं ताजं बायोस टाका, बीटा नको. हाच क्रम ठेवा, काठावरच्या रॅमवर बायोस फ्लॅश करणं फार धोक्याचं आहे, चुकीचा बिट चिपमध्ये लिहिला गेला तर बोर्डच उठणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

एवढं झालं की करडे फोटो परत उघडून बघा. कारण फाइल लिहिताना बिघडली असेल तर ती बिघडलेलीच राहील, पण काही फाइली डिस्कवर व्यवस्थित असतील आणि फक्त वाचताना रॅमने गोंधळ घातला असेल, तर त्या आता पूर्ण उघडतील. माझ्या अनुभवात थोड्यातरी परत येतात. मात्र करड्या दिसणाऱ्या फोटोवर एडिट करून सेव्ह केलं असेल तर तो गेला, म्हणून तसं करू नका. ज्या कार्डावर मूळ फोटो आहेत त्यांची परत कॉपी घ्या आणि दोन्हीकडच्या फाइलींचा एसएचए-२५६ (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला ठसा) जुळतो का बघा, सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर राइट क्लिकवर तो ऑप्शन येतो. चार मिनिटं जास्त जातात, पण कार्ड फॉरमॅट करायच्या आधी ही सवय लावाच. आणि ज्या कुटुंबांचे फोटो सापडत नाहीत त्यांना तुम्ही स्वतः फोन करा. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये बरंच काही असतं, लवकर सांगितलं तर ते गोळा करता येतं.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला डिप्लोमाला आहे. सेकंडहँड आय५-२५०० आणि पी६७ बोर्ड घेतलाय. बीसीएलके १०७ केला की हार्ड डिस्क मधेच गायब होते, १०३ वर चालते. बायोस अपडेट केल्याने हे सुटेल का?

उत्तर : नाही रे, सुटणार नाही. तुझ्या पिढीत म्हणजे सँडी ब्रिजमध्ये प्रोसेसर, डीएमआय (प्रोसेसर आणि चिपसेटमधला दुवा), साटा, पीसीआय एक्सप्रेस सगळं एकाच क्लॉकवर बांधलेलं आहे, तू सात टक्के वाढवलेस म्हणजे डिस्कचे पण सात टक्के वाढले आणि साटाला एवढी सूट चालत नाही. ते मोकळं झालं स्कायलेकला, २०१५ मध्ये. १०० वर परत ये. पी६७ वर नॉन-के प्रोसेसरलाही टर्बोच्या (प्रोसेसर स्वतःहून गाठतो त्या वरच्या स्पीडच्या) वर चार पायऱ्या मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉकला ज्याने गुणतात तो आकडा, वाढवता येतो, तो वापर, त्याने डिस्कला धक्का लागत नाही.

आणखी एक बघून घे, बोर्डावर किंवा खोक्यावर 'बी३' लिहिलंय का. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने जाहीर केलं होतं की या चिपसेटच्या पहिल्या लॉटमध्ये ३ जीबीपीएसचे चार साटा पोर्ट वापरता वापरता खराब होत जातात, आतला एक ट्रान्झिस्टर चुकला होता. ते बायोसने दुरुस्त होण्यासारखं नव्हतंच, बोर्ड परत घ्यावे लागले. तुझा बी३ नसेल तर डिस्क ६ जीबीपीएसच्या दोन पोर्टांवरच लाव.

प्रश्न : मी मडगावला राहतो, रिटायर्ड आहे. पुतण्याने बायोस अपडेट केलं आणि आता निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. विंडोज नवीन टाकावं लागेल म्हणतो. माझे सगळे कागद त्यात आहेत.

उत्तर : काका, विंडोज नवीन टाकू देऊ नका. अपडेटनंतर बायोसची सगळी सेटिंग मूळ जागी जातात, त्यात स्टोरेजचा मोडही बदलतो, एएचसीआय होता तो रेड झाला असेल किंवा व्हीएमडी नावाचा ऑप्शन चालू-बंद झाला असेल. पुतण्याला सांगा, स्टोरेजच्या मेनूत जाऊन तो आधी होता तसा कर, आठवत नसेल तर एकेक बदलून सुरू करून बघ. कागद जागेवरच असतात. सुरू झालं की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी लागेल.